परदेशात शिकायला फी साधारण किती? जर्मनीत फी नाही म्हणतात, मग लोक कर्ज का काढतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. परदेशात फी किती, जर्मनीत फी नाही तर कर्ज कशाला, आणि तुमचे वडील दोन एकर उसाचं रान विकायला निघालेत ते बरोबर का. पहिल्याचं उत्तर कुणीही देईल. दुसऱ्यावरून आमच्या घरात चांगलाच अबोला झाला होता, म्हणून लिहायला बसलोय.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी. मुलगी मेकॅनिकल करून २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत मास्टर्सला गेली. आमच्या धंद्यात कोटेशन आलं की नुसता बेसिक रेट कुणी बघत नाही. पॅकिंग, वाहतूक, जीएसटी धरून माल दारात कितीला पडतो ते बघतात. विद्यापीठानं छापलेली फी हा बेसिक रेट आहे, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

इंग्लंडात एक वर्षाच्या मास्टर्सला, इंजिनिअरिंग-सायन्सला, साधारण २० ते ३५ हजार पौंड. मोठ्या नावाच्या ठिकाणी त्याच्याही वर. तिथल्या मुलांना पदवीसाठी २०२५-२६ ला ९,५३५ पौंडांची कमाल मर्यादा आहे, बाहेरच्यांना मर्यादाच नाही. तिथली बरीच विद्यापीठं आपल्या पोरांच्या फीवर तगून आहेत, हे माझं मत नाही, त्यांचीच माणसं उघड बोलतात. वर आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. वर्षाच्या कोर्सचा व्हिसा वर्षापेक्षा लांब मिळतो म्हणून तो दीडपट, म्हणजे १,१६४ पडतो. शिवाय नऊ महिन्यांचा राहण्या-खाण्याचा पैसा खात्यात २८ दिवस पडून असल्याचं दाखवायचं, लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंडांप्रमाणं आणि लंडनात १,५२९ प्रमाणं.

अमेरिकेत मास्टर्सची फी क्रेडिटवर असते, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेले क्रेडिट आणि दर क्रेडिटला पैसे. एमएसला, म्हणजे तिथल्या मास्टर्सला, बहुतेक ठिकाणी ३० ते ३६ क्रेडिट. अंदाज यावा म्हणून तिथल्या कॉलेज बोर्ड या संस्थेचे पदवीचे २०२४-२५ चे सरासरी आकडे देतो: सरकारी विद्यापीठात राज्याबाहेरच्याला वर्षाला ३०,७८० डॉलर, खासगीत ४३,३५०. यात खोलीभाडं, जेवण धरलेलं नाही. एमएस दोन वर्षांत सगळं धरून ५० लाखांच्या आत उरकलं तर नशीबवान समजा. कॅनडात फी वेगळी आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाचे २२,८९५ कॅनडियन डॉलर वेगळे दाखवायचे. २०२३ पर्यंत हा आकडा १०,००० होता. ऑस्ट्रेलियात नुसत्या व्हिसाच्या अर्जाला २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, नाकारला तरी गेले. फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठात बाहेरच्यांना मास्टर्सला वर्षाला ३,९०० युरोच्या आसपास. इटलीत घरच्या उत्पन्नावर फी ठरते, आपल्याकडच्या मध्यमवर्गाला ती बऱ्याचदा फारच कमी बसते. पण हे दोन देश आपल्याकडं कुणी सुचवत नाही.

का सुचवत नाही तेही सांगतो. राजारामपुरीत एका कन्सल्टंटकडं आम्ही गेलो होतो. टेबलावर छोट्या छोट्या झेंड्यांचा स्टँड, त्यात जर्मनी नव्हती. मुलीनं जर्मनीचं विचारल्यावर त्यानं पेनाचं टोपण उघडझाप करत सांगितलं, "तिथं भाषेचा प्रॉब्लेम येतो, मॅडम इंग्लंडचं बघा की." इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं मुलगा आणून दिला की एजंटाला कमिशन देतात. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठाला फीच नाही, तर कमिशन कशातून देणार? म्हणून "आमची सेवा मोफत" असा बोर्ड दिसला की तुमच्या फीतूनच त्याचं पोट भरतं हे ओळखा. आणि जो जर्मनी विकतो, तो बहुतेक वेळा खासगी कॉलेज विकतो, जिथं वर्षाला दहा-पंधरा हजार युरो आरामात जातात. सरकारी की खासगी, हे आधी विचारा.

आता जर्मनी. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात शिकवण्याची फी शून्य. सेमिस्टरचं अंशदान तेवढं भरायचं, शंभर ते चारशे युरो, आणि त्यात पुष्कळ ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो. मग पैसे लागतात कुठं? ब्लॉक्ड अकाउंटला. पहिल्या वर्षाचा राहण्याचा खर्च व्हिसाच्या आधी एकरकमी एका खात्यात टाकायचा आणि तिथं गेल्यावर तो महिन्याला ठरलेल्या हप्त्यानं आपल्यालाच परत मिळतो. आम्ही भरला तेव्हा ११,२०८ युरो होता, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाला. तेव्हा आम्हाला सव्वादहा लाखांना पडला, आता युरो शंभरीवर गेलाय, म्हणजे तुम्हाला १२ लाखांच्या आसपास धरावे लागतील. त्यात तिकीट, खोलीचं डिपॉझिट, महिन्याचा आरोग्य विमा, थंडीचे कपडे. फी नसलेल्या देशात जायला पहिल्याच फटक्यात १४-१५ लाख हातात लागतात. पगारदार माणसाकडं आणि माझ्यासारख्या वर्कशॉपवाल्याकडं एवढा पैसा मोकळा नसतो. कर्ज त्यासाठी.

हे मी बँकेत गेल्यावर पुरतं समजलो. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटलं की सरकारी बँक बहुतेक वेळा तारण मागते. मी गावाकडच्या रानाचा सातबारा आणि आठ-अ घेऊन गेलो होतो. साहेबांनी उघडूनही बघितला नाही. २००२ चा जो सरफेसी कायदा आहे, ज्याच्या जोरावर बँक कोर्टात न जाता तारण जप्त करते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका रान घेत नाहीत. त्यांना पाहिजे एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, घर किंवा ठेव. उसाला कितीही चांगला भाव येवो.

मग राहिलं शिवाजी पेठेतलं घर. ते वडिलांचं, त्यांच्या पश्चात प्रॉपर्टी कार्डावर आई, मी आणि आक्का अशी तीन नावं लागलेली. म्हणजे आक्काची सही पाहिजे, आणि आक्काची सही म्हणजे दाजींची परवानगी. बँकेच्या कागदावर ती कुठं मागितलेली नव्हती, पण आमच्याकडं लागतेच.

दाजी कागलहून आले. त्यांचा मुलगा, माझा भाचा, आदल्या वर्षी २२ हजार पौंड फी भरून इंग्लंडला गेलेला. तो आकडा दाजी लग्नात, बारशात, सोसायटीच्या सभेत सांगायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जर्मनीत फी न्हाई म्हणतोस, मग आमच्या सह्या कशाला पायजेत?" मी ब्लॉक्ड अकाउंट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आपलाच पैसा आपल्यालाच परत मिळणार, मग भरायचा कशाला?" तेही समजावलं. मग मुद्द्यावर आले: जिथं फी नाही तिथं किंमत नाही. फुकटात कोण चांगलं शिकवतंय? पोरगी कुठल्या हलक्या कॉलेजात तर नाही ना चालली?

मला हे लागलं. दाजी स्वतः खेड्यातून कोल्हापुरात आले ते दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्याही मुलांसाठी वसतिगृहं निघाली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब १९२० मध्ये परत गेले, त्यांनाही महाराजांनी मदत केली. त्या शिक्षणाला किंमत नव्हती? मी दाजींना हेच विचारलं. बोलायला नको होतं अशा आवाजात विचारलं असं बायको म्हणते, पण मुद्दा चुकीचा नव्हता. जर्मनीत पैसे लागत नाहीत असं नाही, ते तिथला करदाता भरतो. त्यांना इंजिनिअर पाहिजेत, म्हणून शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहू देतात. मधे २००६ नंतर काही राज्यांनी सेमिस्टरला पाचशे युरोपर्यंत फी लावून बघितली होती, लोकांनी ती चालू दिली नाही, २०१४ पर्यंत सगळीकडून गेली. त्या आठ वर्षांत तिथलं शिक्षण भारी झालं होतं आणि नंतर परत हलकं पडलं असं दाजींनीसुद्धा म्हटलं नसतं.

दाजी न जेवता कागलला गेले. पुढं बरेच दिवस फोन नाही.

सही शेवटी आक्कानंच केली, आणि तिनं ज्या पद्धतीनं केली ते सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे. बँकेत आली, चष्मा पुसला आणि मुलीला म्हणाली, "विद्यापीठाचं पत्र दाखव, फी कुठं लिहिलीय?" मुलीनं मोबाइलवर पत्र मोठं करून दाखवलं. तिनं बोटानं वरून खालीपर्यंत सरकवलं, फीचा रकानाच नव्हता, सेमिस्टर अंशदानाची एक ओळ होती. मग साहेबांकडं वळली. "पोरीनं हप्ता भरला न्हाई तर माझं नाव जातंय का घर जातंय?" साहेब म्हणाले, घर. "आणि व्याज कधीपास्नं?" साहेबांनी सांगितलं की व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हप्ता कोर्स संपून काही महिन्यांनी सुरू होतो, मधल्या काळातलं व्याज भरत राहिलं तर बोजा वाढत नाही. एवढं ऐकून तिनं प्रत्येक पानावर सावकाश सही केली. सातवी शिकलेली बाई. आम्हा शिकलेल्यांपैकी एकानंही व्याज कधीपासून हे तोपर्यंत विचारलं नव्हतं.

ते व्याज आम्ही पहिल्या महिन्यापासून भरतो. दुसऱ्या वर्षी मुलीला कंपनीत आठवड्याला वीस तासांचं काम मिळालं, आता निम्मं ती भरते. पण ते काम जर्मन बोलता यायला लागल्यावर मिळालं. इथं असतानाच जर्मन भाषेची बी-वन पातळी करून जा, नुसत्या इंग्रजीवर पार्सलच्या गोदामात जावं लागतं.

भाच्याबद्दलही लिहितो, नाहीतर दाजी म्हणतील एकतर्फी लिहिलं. तो हुशार आहे, त्याचं वर्षात आटोपलं, आमचीला दोन वर्षं लागणार, कदाचित जास्तच, कारण जर्मनीत एक परीक्षा राहिली की सेमिस्टर लांबतं. एक वर्ष आधी कमवायला लागणं याला किंमत आहे. इंग्लंडला जाऊ नका असं मी म्हणत नाही. फी मोठी म्हणून कॉलेज मोठं, एवढंच म्हणू नका. आणि शिक्षणानंतर तिथं थांबायची मुदत जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने होणार आहे, ते धरून हिशेब करा.

जर्मनीचंही सगळीकडं शून्य नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुह वगैरे, युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० लावले. नॉर्वेत सगळं फुकट होतं, २०२३ पासून बाहेरच्यांना फी सुरू झाली. म्हणून माझ्या मुलीच्या वेळचं धरून चालू नका, ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचं विद्यापीठाचं पान उघडून बघा.

तुम्ही अनुसूचित जातीतले असाल तर कर्जाच्या आधी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा. फी, निर्वाह भत्ता, विमान प्रवास मिळतो. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. महाराजांचं नाव इथं रोज भाषणात येतं, पण ही योजना माहीत नसलेली मुलं मला उद्यमनगरातच भेटलीत.

आणि रान. विकू नका, निदान आत्ता तरी. आधी बँकेत जा. गावठाणातलं घर असेल, मामाचा एनए प्लॉट असेल, एलआयसी, ठेव, काय आहे ते मांडा, कार्डावर किती नावं आहेत ते बघा आणि प्रवेशपत्र यायच्या आधीच त्या सगळ्यांशी बोलून ठेवा. बँकेच्या पॅनलवरचा वकील जुने दस्त काढून टायटल तपासतो, त्यात आठवडे जातात, आणि वारसनोंद झालेली नसेल तर महिने. बिनतारणी कर्ज फायनान्स कंपन्या देतात, पण व्याज दोन-तीन टक्के जास्त, आणि बऱ्याच जणांकडं शिकत असतानाच हप्त्याचं थोडं सुरू होतं. आयकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर व्याजाला आठ वर्षं सूट आहे, नव्या पद्धतीत नाही. परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कर कापते, त्याला टीसीएस म्हणतात; कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो एप्रिल २०२५ पासून नाही. स्वतःच्या पैशावर वर्षाला १० लाखांच्या पुढं कापला जातो, रिटर्न भरताना तो वळता होतो. पण तोवर तेवढी रक्कम अडकते, ती हिशेबात धरा.

जर्मनी ठरलीच तर एपीएस सर्टिफिकेटला, म्हणजे आपल्या मार्कशीट-पदव्या तपासून मिळणाऱ्या दाखल्याला, आजच लागा. फी १८,००० रुपये, आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना त्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. मार्कशीटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे ना, ते आधी तपासा.