सत्तरची सी-टेन खाली बसवायची आहे, पण पैसे कुठले?

पत्र थोडक्यात असं: वाचक कॅलिफोर्नियात राहतात. वय ४६, नोकरी पगाराची, पत्नीही नोकरी करतात, मुलगी अकरावीत आहे. गेल्या वर्षी त्यांनी २७,००० डॉलर रोख मोजून १९७० सालची शेव्हरोले सी-टेन पिकअप घेतली, शॉर्ट बेड (म्हणजे मागचा सामानाचा हौदा आखूड), गंज फारसा नाही. आता मागची फ्रेम कापून, चारही चाकांना स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर गाडी वरखाली करणाऱ्या एअर बॅग लावून ती उभी असताना जवळजवळ जमिनीला टेकवायची इच्छा आहे. शॉपचं कोटेशन १८,४०० डॉलरचं. त्याच शॉपने सौम्य पर्यायही दिला आहे: स्पिंडल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि स्प्रिंग बदलून पुढून तीन, मागून पाच इंच खाली, मागे फ्रेमला छोटी खाच देऊन त्यावर बोल्टने बसणारी सी-नॉच, ४,६०० डॉलर. अडीअडचणीसाठी ३१,००० बाजूला आहेत. घरखर्च महिना ८,५००, सगळं भागून ९०० उरतात. कंपनीत पुनर्रचना चालू आहे, सहा महिन्यांत काय ते कळेल. विचारलंय ते असं: मोठं काम घरावरच्या क्रेडिट लाइनमधून करू, साडेआठ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी, की ४०१(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, कर्ज काढू? 'शॉपवाले म्हणतात गाडीची किंमत वाढेल, म्हणजे ही एक प्रकारची गुंतवणूकच ना?'

नमस्कार,

दोन्हीपैकी एकही कर्ज काढू नका. १८,४०० चं काम आत्ता करू नका. गाडी मात्र जरूर खाली करा, फ्रेमला हात न लावता जेवढी होते तेवढी, आणि वर्षभर तशी चालवा. कापायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.

हौस मला कळते. ६७ ते ७२ सालातल्या या गाडीची लांब सरळ बाजू जमिनीजवळ आली की वेगळीच दिसते, आणि ती तशी दिसावी म्हणून पैसे खर्च करण्यात काही गैर नाही. फक्त तो खर्च म्हणून करा. शॉपवाल्यांनी सांगितलेलं किमतीचं गणित त्यात धरू नका.

खाली बसवलेल्या सी-टेनला गिऱ्हाईक आहे, हे खरंच. पण ते गाडीचे पैसे देतं, तुमच्या बिलाचे नाही. आज तुमच्याकडे न कापलेल्या फ्रेमचा शॉर्ट बेड आहे. त्याला दोन तऱ्हेचे लोक हात घालतात: ज्यांना गाडी मूळ रूपात हवी ते, आणि ज्यांना स्वतःच्या मनासारखी खाली करायची आहे ते. फ्रेम कापली की पहिले गेले. दुसऱ्यांपैकी जाणकार माणूस आधी टॉर्च घेऊन गाडीखाली जातो आणि वेल्ड बघतो. काम कुणी केलं, कसं केलं याचे फोटो नसतील तर किंमत पाडूनच मागतो. शिवाय करात बाजू एकतर्फी आहे. स्वतःच्या वापराची गाडी नफ्यात विकली तर नफ्यावर कर लागतो, तोट्यात गेली तर तो तोटा वजा करता येत नाही. म्हणून प्रत्येक पावती जपा. गाडी सुधारण्यावर केलेला खर्च मूळ खरेदी किमतीत मिळवता येतो.

आता फ्रेमकडे येतो, कारण १८,४०० हा आकडा तिथेच ढळणार आहे. तुमच्या गाडीच्या फ्रेमच्या दोन्ही पट्ट्या इंग्रजी सी आकाराच्या, एका बाजूने उघड्या आहेत. मागचा अॅक्सल त्यांच्या खालून जातो. गाडी खाली केली की अॅक्सल आणि फ्रेम यांच्यातली मोकळी जागा संपते आणि प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळतं. म्हणून अॅक्सलच्या वर फ्रेमला खाच द्यावी लागते. पण वाकवणारा भार मुख्यतः पट्टीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडा पेलतात, आणि खाच नेमकी खालची कड कापते. कापलेली ताकद जाड प्लेट लावून परत द्यावी लागते. सी-नॉचमध्ये हे काम छोटं असतं. तुम्हाला हवी ती स्टेप-नॉच असते: फ्रेमचा तुकडा पूर्ण काढून तिथे वर उचललेला नवा भाग वेल्ड करतात. कापण्याआधी फ्रेमला आधार नीट दिला नाही किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी ओढली गेली, तर गाडी कायमची तिरकी होते.

आणि तो उंचावलेला भाग बेडच्या तळातून वर येतो, म्हणजे तळही कापायचा. तुम्ही लिहिलंय की अधूनमधून बागेची माती आणि लाकूड याच गाडीतून आणता. ते बंद होईल किंवा फार कमी होईल. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी फ्रेमच्या कडेने जाते, ती हलणार. सायलेन्सर नव्याने वळवावा लागणार. ड्राइव्हशाफ्टचा कोन बदलतो, तो जुळला नाही तर वेगात गाडी थरथरते आणि जॉइंट लवकर जातात. या सालच्या गाडीत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते; सगळं उघडलेलंच आहे तर टाकीही बेडखाली नेऊ, असा मोह याच वेळी होतो. यातलं काय काय १८,४०० मध्ये धरलंय, हे तुम्ही पाठवलेल्या एका पानाच्या कोटेशनमध्ये कुठेच नाही. 'फ्रेम वर्क' एवढ्या दोन शब्दांपुढे ७,२०० डॉलर लिहिलेत. एवढ्यावर मी सही करणार नाही, तुम्हीही करू नका.

कर्जांबद्दल. घरावरच्या क्रेडिट लाइनमधून १८,४०० डॉलर साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना सुमारे २२८ डॉलर, आणि दहा वर्षांत व्याजच ९,००० च्या घरात. दर बदलता असला तर तो आहे तिथेच राहील याची हमी नाही. घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा त्यात मोठी सुधारणा करण्यासाठी पैसे वापरले तरच त्या व्याजाची वजावट मिळते, गाडीसाठी नाही. तारण तुमचं घर, आणि हप्ते चालू असतानाच मुलीच्या कॉलेजची सगळी वर्षं येणार.

४०१(के) चं कर्ज वरवर स्वस्त वाटतं, कारण व्याज स्वतःच्याच खात्यात जातं. एरवी त्यावर चर्चा केली असती. पण ते सहसा पाच वर्षांत फेडायचं असतं, आणि तुमची कंपनी आत्ता माणसं कमी करायच्या विचारात आहे. नोकरी गेली आणि कर्ज तसंच राहिलं, तर उरलेली रक्कम तुम्ही काढून घेतली असं धरतात. त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत तेवढे पैसे दुसऱ्या रिटायरमेंट खात्यात भरता आले नाहीत, तर त्यावर उत्पन्नासारखा कर, वर केंद्राचा १० टक्के दंड आणि कॅलिफोर्नियाचा अडीच टक्के. पगार थांबला त्याच वर्षी हे अंगावर येईल. तुमच्या परिस्थितीत हाच पर्याय मला सगळ्यात वाईट वाटतो.

राहिले बाजूला ठेवलेले ३१,०००. ते साडेतीन महिन्यांच्या खर्चाहून जरा जास्त आहेत. पुनर्रचनेच्या काळात मला तिथे सहा महिन्यांचे, म्हणजे ५१,००० दिसायला हवे होते. त्यातून १८,४०० गेले तर दीड महिना उरतो. त्याला हात लावू नका.

मग करायचं काय? पुढचे सहा महिने उरणारे ९०० त्याच खात्यात टाकत राहा. ५,४०० होतील. पुनर्रचनेत नोकरी गेली तर ते घराला लागतील आणि तुम्हाला चुटपुट लागणार नाही. नोकरी टिकली तर ते गाडीचे.

त्या ५,४०० मध्ये काय बसतं ते सांगतो. चार इंचांपर्यंत मागून खाली आणायला या गाडीला सहसा खाच लागत नाही. आखूड बंप स्टॉप (अॅक्सल फ्रेमवर आदळू नये म्हणून लावलेले रबर), योग्य लांबीचे शॉक आणि अॅक्सल मध्यावर आणायला पॅनहार्ड बार पुरतो. मागे लीफऐवजी कॉइल स्प्रिंग असतील तर काम आणखी सोपं. पुढून अडीच इंच स्पिंडलने होतात. शॉपकडून याच मापाचं, सी-नॉच वगळून, नवं कोटेशन मागा. फ्रेम शाबूत राहील आणि उद्या कुणाला मूळ उंची हवी असेल तर एका शनिवार-रविवारात परत करता येईल. शॉपच्या तीन-पाच इंचांपेक्षा हे अर्धा-एक इंच कमी, आणि तो फरक डोळ्याला दिसतो, नाही असं नाही. पण वर्षभर चालवल्यावर आणखी खाली हवीच आहे की एवढीच बरी वाटते, हे तुम्हाला आज कुणीच सांगू शकत नाही. न कापलेली फ्रेम पुढच्या वर्षीही कापता येते. कापलेली जोडली तरी न कापलेली होत नाही. मोठ्या कामाला तुमची वीस महिन्यांहून जास्त शिल्लक लागेल. तोवरही मन तिथेच असेल तर पुन्हा लिहा, मी विरोध करणार नाही.

एका गोष्टीवर मात्र अडून राहा. शेव्हरोलेने या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून दिले. तुमची १९७० ची, म्हणजे कुणी आधीच बदललेले नसतील तर चारही चाकांना ड्रम. खाली आणणारे बरेच स्पिंडल डिस्क ब्रेकला धरूनच बनवलेले असतात, तेव्हा दोन्ही कामं एकदमच करा. ५,४०० मध्ये सगळं मावत नसेल तर ब्रेक आधी, उंची नंतर. त्या गाडीत मुलगीही बसते.

विम्याचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. नेहमीच्या पॉलिसीत नुकसान झालं तर कंपनी त्या दिवशीची घसारा वजा जाता किंमत देते आणि हौसेने केलेल्या बदलांना फारसं मोजत नाही. क्लासिक गाड्यांसाठी ठरलेल्या किमतीची पॉलिसी मिळते. तीत किंमत आधी दोघांनी मान्य केलेली असते. गाडी बंद गॅरेजात ठेवणं, रोजच्या ये-जासाठी न वापरणं अशा अटी असतात. बदल करण्याआधी कळवा, नंतर नव्या किमतीने पॉलिसी सुधारून घ्या, आणि गाडी शॉपमध्ये उघडी पडलेली असताना ती कुणाच्या विम्यात आहे हे लेखी विचारा.

कायद्याची धास्ती तुम्ही लिहिली होती. गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको, हा कॅलिफोर्नियाचा जुना नियम १ जानेवारी २०२४ पासून गेला आहे. दुसऱ्या राज्यात गाडी नेणार असाल तर तिथले नियम बघा. पुढेमागे फ्रेमचं मोठं काम केलंच, तर फ्रेमवर ठोकलेला गाडीचा क्रमांक कुठे आहे ते आधी शोधून त्याचा फोटो काढा. तो खोडणं किंवा कापून टाकणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि क्रमांक नसलेल्या फ्रेमची गाडी विकताना टायटल, म्हणजे मालकीचा कागद, अडकतं.

पत्नीचं यावर काय म्हणणं आहे ते पत्रात नाही. ९०० ची शिल्लक दोघांच्या पगारातून पडते, तेव्हा हे आकडे दोघांनी एकत्र बसून बघा.

शॉपबद्दल शेवटचं. कॅलिफोर्नियात गाडी दुरुस्त करणाऱ्याला ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे नोंदणी लागते, काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज द्यावा लागतो आणि त्याहून जास्त खर्च करण्याआधी तुमची परवानगी घ्यावी लागते. नोंदणी तपासा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. सामान आलं की थोडे, काम झालं की उरलेले. आणि काम देतानाच कागदावर लिहून घ्या की काढलेले मूळ स्प्रिंग आणि स्पिंडल तुम्हाला परत हवेत. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, पण मागायचे काम देताना, बिल भरताना नव्हे.