क्लाउड सर्व्हरवरची साइट सारखी बंद पडते, मोठा सर्व्हर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वर्डप्रेस साइट शेअर्ड होस्टिंगवरून (जिथे एकच सर्व्हर अनेक साइट्स वाटून घेतात) १ जीबी रॅमच्या क्लाउड सर्व्हरवर आणली, आता अधूनमधून डेटाबेस कनेक्शनचा एरर येतो आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरू होते. मी अशाच लहान साइट्सचे सर्व्हर सांभाळतो. मोठा सर्व्हर घ्यायची घाई करू नका, ही लक्षणं मेमरी संपल्याची वाटतात.

आधी कर्नलचा, म्हणजे सर्व्हरवरच्या लिनक्स सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग (नोंदी) उघडा. साइट बंद पडली त्या वेळेला 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढे मायएसक्यूएलचं, म्हणजे वर्डप्रेसच्या डेटाबेसचं, नाव दिसलं, तर निदान पक्कं. मेमरी संपली की लिनक्स सहसा सगळ्यात जास्त मेमरी घेऊन बसलेली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) बंद पाडतं, आणि छोट्या सर्व्हरवर ती बहुधा डेटाबेसच असते. मूळ दुखणं मात्र वेब सर्व्हरचं. उबंटू या लिनक्सवर अपाचे हा वेब सर्व्हर प्रीफोर्क मोडमध्ये (प्रत्येक विनंतीला वेगळी प्रोसेस) असेल तर १५० प्रोसेसपर्यंत जायची मुभा त्याला आधीपासूनच असते. वर्डप्रेसच्या एका प्रोसेसला ५० एमबी धरले तरी हिशोब साडेसात जीबीवर जातो! ही मर्यादा ५-६ वर आणा, १-२ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जोडा. मग ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण आलं याच्या नोंदी, बघा. लॉगिनच्या पानावर आणि एक्सएमएल-आरपीसीच्या फाइलवर (बाहेरच्या ॲप्सना वर्डप्रेसशी जोडणारी xmlrpc.php) बॉट्सचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅम्सचा, मारा चालू असेल, तर तुमची रॅम वाचकांसाठी नाही, त्यांच्यासाठीच खर्च होतेय. तो अडवा. एवढं करूनही त्रास राहिला तर रॅम खुशाल वाढवा.

डिस्कवरही लक्ष ठेवा. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) आपोआप चालू असतो आणि ३० दिवसांचा साठा ठेवतो; लहान डिस्क त्यातच भरू शकते. आणि साइटवरच्या फॉर्मचे ईमेल पोचत नसतील तर कोड तपासत बसण्याआधी पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरवरून मेल बाहेर जायची वाट, बघा. बरेच क्लाउडवाले तो बंदच ठेवतात, त्यामुळे मेल वेगळ्या ईमेल सेवेमार्फत पाठवावे लागतात.

बिलाचं म्हणाल तर सर्व्हर 'स्टॉप' केला तरी डिस्कचं भाडं सहसा चालूच राहतं. बजेट अलर्ट जरूर लावा, पण तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही.

बॅकअपबद्दल मात्र कळकळीने सांगतो. स्नॅपशॉट (सर्व्हरच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) त्याच खात्यात, त्याच डेटा सेंटरमध्ये ठेवून निर्धास्त राहू नका. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांच्या साइट्सबरोबर बॅकअपही गेले. क्लाउड असला तरी तुमचा डेटा शेवटी कुठल्यातरी इमारतीतच असतो. रोज डेटाबेसचा डंप (फाइलमध्ये काढलेली पूर्ण प्रत) आणि अपलोड्सचं फोल्डर दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर पाठवा, आणि एकदा रिकाम्या सर्व्हरवर त्यातून साइट उभी करून बघा. हे अपाचेची मर्यादा बदलण्याआधी करा.