टायपिंगमध्ये ‘निगेटिव्ह’ आणि टेट्रामर पॉझिटिव्ह: आधी रिपोर्टवर संशय घ्या

भारतीय वंशाचं ऱ्हीसस माकड, जनुक-टायपिंगच्या रिपोर्टात मामू-ए१*००१ (प्रतिकारशक्तीच्या एमएचसी जनुकाचा एक प्रकार, म्हणजे अलील) निगेटिव्ह, आणि एसआयव्हीच्या (माकडांमधला एचआयव्हीसारखा विषाणू) गॅग प्रथिनाची लस दिल्यावर त्याच माकडात सीएम९ टेट्रामर (ठरावीक टी पेशींना चिकटून त्या चमकवणारा रेणू) पॉझिटिव्ह. ही अडचण सांगणारी तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुम्ही टेट्रामरची नवी बॅच मागवायला निघालाय. थोडं थांबा. सीएम९ म्हणजे गॅगमधला १८१ ते १८९ हा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा. टी पेशी तो ए१*००१ च्या प्रथिनाच्या खोबणीत बसलेला असतानाच ओळखतात. ज्या माकडात तो अलीलच नाही, त्यात लसीनंतर अशा पेशींचा ठळक गठ्ठा दिसायला नको. त्याच माकडाच्या लसीआधीच्या गोठवलेल्या पेशी त्याच दिवशी, त्याच गेटिंगने (फ्लो सायटोमीटरवर पेशी निवडण्याच्या त्याच मर्यादांनी) रंगवा. तिथेही तेवढंच चमकत असेल तर ती पार्श्वभूमी आहे. तिथे कोरं आणि लसीनंतर गठ्ठा, असं दिसलं तर घोळ बहुतेक टायपिंगचा.

आता त्या ‘निगेटिव्ह’बद्दल. तुमचा रिपोर्ट पीसीआर-एसएसपीचा (ठरावीक अलीललाच पकडणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून तो वाढवून बघण्याची पद्धत) दिसतो: ए१*००१, बी*००८, बी*०१७ अशी तीन नावं आणि पुढे हो किंवा नाही. या पद्धतीत जेलवर पट्टा दिसला तर अलील आहे. नाही दिसला तर दोन शक्यता: अलील नाही, किंवा रिॲक्शनच चालली नाही. कुठली ते सांगायला त्याच नळीत अंतर्गत नियंत्रणाचे प्रायमर लागतात, म्हणजे प्रत्येक माकडात यायलाच हवा असा एक पट्टा. तो आला आणि ए१*००१ चा आला नाही, तरच ‘निगेटिव्ह’ला अर्थ. आमचं काम ज्या टायपिंग सेवेकडे होतं (नाव घेत नाही) ती फसलेल्या रिॲक्शनलाही ‘निगेटिव्ह’च लिहायची. जेलचा फोटो मागितला की उत्तर एकच: “आम्ही फक्त अंतिम निकाल देतो.” अरे, पण निकाल कशावरून काढलात? असो.

रिॲक्शन फसण्याचं नेहमीचं कारण हेपॅरिन. माकडघरात हिरव्या झाकणाच्या ट्यूब हाताशी असतात, हेपॅरिन डीएनएसोबत येतं आणि पीसीआर दाबतं. रक्त ईडीटीएमध्ये, जांभळ्या झाकणात घ्या. किती आणि कधी काढायचं ते तुमच्या पशुवैद्यांना विचारा, तो माझा प्रांत नाही.

दुसरं कारण ट्यूबांची अदलाबदल. लेबलवर पिंजऱ्याचा नंबर असेल तर ती होणारच, कारण माकडं पिंजरे बदलतात. छातीवर किंवा मांडीवर गोंदलेला नंबरच लिहायचा. म्हणून ताजं रक्त आणि लसीआधीच्या पेशी, दोन्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत आंधळ्या क्रमांकाने (माकडाची ओळख न कळेल अशा) पाठवा. दोन्ही ए१*००१ दाखवत असतील तर जुना रिपोर्ट चुकीचा: रिॲक्शन फसली किंवा तेव्हाची ट्यूब दुसऱ्याची होती. दोन्ही एकमेकांशीच जुळत नसतील तर अदलाबदल तुमच्या फ्रीझरपर्यंत पोचलीय. दोन्ही वेळा दुसरं माकड शोधा, कारण अदलाबदल एकट्याची होत नाही. आईबापाचं टायपिंग असेल तर उत्तम: पिल्लाचा एक हॅप्लोटाइप (एका गुणसूत्रावर एकत्र येणारा अलीलांचा संच) आईकडून, एक बापाकडून यायलाच हवा.

फेरतपासणी एसएसपीने नको, एक्सॉन २ चं (या जनुकांचा एक भाग) डीप सिक्वेन्सिंग करा, म्हणजे तो भाग पुन्हा पुन्हा वाचून घ्या. मकाकमध्ये ए आणि बी जनुकांच्या प्रती वाढलेल्या असतात, एकेका गुणसूत्रावर अनेक बी सापडतात. म्हणून यादीत मोजके दोनतीन अलील दिसले तर माकड समयुग्मी (दोन्ही गुणसूत्रांवर सारखाच संच असलेलं) आहे असं मानण्याआधी रीड (वाचलेले डीएनए तुकडे) किती आले ते बघा. १९५ बेसच्या तुकड्यावरून जवळचे अलील वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे निकाल गटाच्या पातळीवर येतो. तो चालतो. जुन्या पेपरांतलं ए*०१ म्हणजेच आजचं ए१*००१:०१, तिथे गोंधळू नका.

माकड अभ्यासातून काढून टाकू नका, हे माझं ठाम मत (तुमचा संख्याशास्त्रज्ञ वेगळं म्हणाला तर त्याचं ऐका). आव्हान-विषाणू (लसीची परीक्षा घ्यायला मुद्दाम दिलेला विषाणू) देण्याआधीच दुरुस्त जनुकप्रकार नोंदवा आणि विश्लेषण त्याप्रमाणे स्तरांत करा. गट पाडून झाल्यावर माकडं इकडून तिकडे हलवू नका. आणि फक्त ए१*००१ बघून समाधान मानू नका. एसआयव्हीमॅक२३९ (एसआयव्हीचा एक प्रकार) दिल्यावर बी*००८ असलेली जवळपास निम्मी माकडं लस नसतानाही विषाणू दाबून ठेवतात. अशी दोन माकडं नियंत्रण गटात गेली तर चांगली लसही फुसकी दिसते.

ज्या लसीचं मोजमाप मुख्यतः प्रतिपिंडांवर आहे तिथे मी इतका आटापिटा करणार नाही. पुण्यात २०२० मध्ये कोव्हॅक्सिन २० ऱ्हीसस माकडांवर तपासली गेली, तिथला प्रश्न वेगळा होता. सीडी८ पेशींवर (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी) बेतलेल्या लसीत मात्र सुटका नाही.

जाता जाता: आव्हान एसएमई६६० चं (एसआयव्हीचा दुसरा प्रकार) असेल तर ट्रिम५ चं (पेशीत विषाणूला अडवणारं जनुक) टायपिंगही याच डीएनएवर उरकून घ्या. त्याचे टीएफपी आणि सायपीए प्रकार त्या विषाणूला अडवतात, मॅक२३९ ला फारसे नाही. नवी माकडं मागवताना जेलचे फोटो किंवा कच्चे रीड देण्याची अट ऑर्डरमध्येच घाला. पैसे भरून झाल्यावर कोणी फोन उचलत नाही.