पहाटे तीनची कळ

फोंड्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमानांचा फुप्फुसाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचलाय. बरं करणारे उपचार संपले, मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. परवा दोघं घरी अशाच आजारातल्या जोडप्याचा प्रेमपट बघत होती. मध्यंतराला यजमानांनी न बोलता टीव्ही बंद केला. ताई लिहितात, 'ती नायिका शेवटपर्यंत हसतमुख. मी मात्र रात्री १० ची गोळी देऊन आडवी होते आणि पहाटे तीनला ते कण्हायला लागले की चिडते. माझं प्रेम कमी पडतंय का?'

ताई, तुमची झोप कमी पडतेय, आणि बहुतेक त्यांचं औषधही.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर सुमारे ४ तास टिकतो. १० ची गोळी २ च्या सुमारास ओसरते, पुढची तुम्ही ६ ला देता. मग तीनला कळ उठणारच. झोपतानाचा डोस वाढवायचा की १२ तास टिकणारी गोळी द्यायची, हे डॉक्टरांना विचारा. मध्येच कळ आली तर जादा किती द्यायचं, तेही लिहून घ्या. स्वतःहून वाढवू नका, एकदम बंद तर मुळीच करू नका. वहीत ३ दिवस वेळ, डोस आणि 'दुखणं १० पैकी किती' एवढं लिहा. 'रात्री फार दुखतं' यापेक्षा '३.१० ला ८' यावरून डॉक्टरांना लगेच कळतं. या गोळीने पोट धरतंच, म्हणून शौच साफ होण्याचं औषध रोज सोबत हवं.

सासूबाई दर तासाला पेज भरवतात, म्हणता. त्यांची माया कळते. पण या टप्प्यावर भूक आजारानेच मरते, आणि जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. मागतील तेव्हा दोन चमचे पुरे. ओठ मात्र ओल्या कापसाने वरचेवर टिपा. हे काम सासूबाईंकडेच द्या.

आता बोलण्याचं. गोळीनंतर तासाभराने, घरात पाहुणे नसताना जवळ बसा. 'अहो, त्या सिनेमात नेमकं कुठे नको वाटलं?' एवढंच विचारा आणि थांबा. गप्प राहिले तर राहू द्या, घाईने धीर देऊ नका. 'मला मशीनवर ठेवू नका' असं काही म्हणाले, तर ते कागदावर घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असं इच्छापत्र मान्य केलंय आणि २०२३ पासून ते सोपं झालंय: दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आपल्याकडे गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं पत्र नोंदवलं. एक प्रत तुमच्या डॉक्टरांकडे ठेवा.

आठवड्यातून दोन रात्री दीर किंवा भाऊ यांच्यावर सोपवा आणि दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. घरी झेपेनासं झालं तर लोटलीला शांती अवेदना सदन आहे. तिथे अशा कर्करोग रुग्णांची मोफत शुश्रूषा होते. तिथे नेलं म्हणजे त्यांना टाकलं, असं कुणी म्हणालं तरी मनाला लावून घेऊ नका.

आणि तो सिनेमा. उरलेला बघायचाय का, हे त्यांनाच विचारा. हो म्हणाले तर गोळीचा असर असताना लावा, आणि रिमोट त्यांच्या हातात द्या.