बोट, रॅम्प आणि मागची रांग

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही पिट्सबर्गला असतो, यंदा १७ फुटी सेकंडहँड मोटरबोट घेतलीय, ट्रेलरसकट. साउथ साइडच्या सार्वजनिक रॅम्पवरून (पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावरून) मोनोंगाहेला नदीत उतरवायचीय. मुलं ७ आणि ११ वर्षांची, जुलैत नाशिकहून सासूबाई-सासरे येतायत, सासूबाईंना पोहता येत नाही. मिस्टर म्हणतात व्हिडिओ बघून जमेल, पण मागे गाड्यांची रांग लागली की हे गडबडतात. काय काय बघायचं?

उत्तर: ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे, रॅम्पवर फजिती होते ती बहुतेक घाईपायीच. म्हणून रॅम्पवर तयारी करायचीच नाही. गाडी पार्किंगमध्ये बाजूला घ्या, सामान भरा, मागचे पट्टे सोडा, पुढं-मागं दोऱ्या बांधा आणि बोटीच्या मागच्या तळाचं बूच घट्ट बसवा. बूच विसरणारे दर उन्हाळ्यात भेटतात, आधी काही कळतच नाही आणि मग पायाखाली पाणी! पुढचा विंचचा (ट्रेलरवर बोट ओढायच्या हँडलच्या चाकाचा) पट्टा आणि साखळी मात्र बोट पाण्याला लागेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर ती उतारावर सटकून थेट काँक्रीटवर येते. हायवेवरून तडक आलात तर चाकांचे हब जरा गार होऊ द्या, गरम हब पाण्यात बुडला की आत पाणी ओढून घेतो आणि बेअरिंगचं वाटोळं.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा, ट्रेलर डावीकडे न्यायचाय तर हात डावीकडे, बास. मिस्टरांना आधी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करायला लावा. रॅम्पवर उतरताना गाडीत फक्त ड्रायव्हर, काच खाली, सीटबेल्ट सोडलेला, मुलं उतारापासून लांब आजोबांचा हात धरून. पाण्याच्या कडेला शेवाळ असतं, तिथं स्लीपर घालून उतरू नका. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक वर, चाकामागं ठोकळा, मगच गाडीतून उतरायचं. आणि परत चढवताना इंजिनचा जोर लावून बोट ट्रेलरवर घुसवू नका, विंचनं ओढा, इंजिनच्या पाण्यातल्या पंख्याच्या झोतानं काँक्रीटच्या टोकाखालची माती उकरली जाते आणि पुढच्या कुणाचं तरी चाक त्या खड्ड्यात लटकतं. रांगेतले लोक हे बघतात हो, पण सांगत कुणी नाही.

आता नदी. तुमचा हा पट्टा तीन धरणांच्या मधे आहे, मोनोंगाहेलावर ब्रॅडॉक, ॲलेगेनीवर हायलंड पार्क आणि ओहायोवर एम्सवर्थ. पहिल्या दोन्हीकडे तुम्ही खालून पोचता, एम्सवर्थला वरून. वरून आलं की प्रवाह धरणाकडेच ओढतो. हायलंड पार्कचं तर आपल्या बंधाऱ्यासारखंच आहे, दरवाजे नाहीत, सगळं पाणी वरून सांडतं. खाली पडलेलं पाणी उलटं फिरून बोटीला परत भिंतीकडे खेचतं, त्यात लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा अडकतो. मासे तिथंच मिळतात म्हणून लोक जवळ जातात, तुम्ही जाऊ नका, इशाऱ्याच्या पाट्या आणि बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) बाहेरच राहा.

कोळशाचे बार्ज (सपाट मालवाहू तराफे, मागून बोट ढकलते) दिसले की लांबूनच वाट द्या. कॅप्टनला पुढचं शेकडो फूट दिसत नाही आणि थांबायला अर्ध्या मैलाहून जास्त लागू शकतं. भोंगा पाच वेळा छोटा वाजला म्हणजे धोका, तो बहुधा तुमच्यासाठीच असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २० फुटांपर्यंतच्या बोटीत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी बोट चालू असताना जॅकेट घातलेलंच पाहिजे, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांनी. मोठ्यांसाठी प्रत्येकी एक, शिवाय पाण्यात पडलेल्याकडे फेकायची एक तरंगती उशी किंवा रिंग. इंजिन २५ हॉर्सपॉवरच्या वर असेल आणि मिस्टरांचा जन्म १ जानेवारी १९८२ किंवा नंतरचा असेल तर बोटिंगचं सर्टिफिकेट लागतं, व्हिडिओ बघून भागत नाही. बोटीला किल-स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी असेल तर वेगात जाताना ती चालवणाऱ्याला अडकवलेली हवी, २०२१ पासून तसा नियमच आहे.

सासूबाईंना जॅकेट रॅम्पवरच घाला, बोटीत बसल्यावर नाही, कारण डॉकवरून पाऊल टाकतानाच तोल जातो. फुगणारं स्लिम जॅकेट घेऊ नका, पोहता न येणाऱ्याला फोमचंच बरं. साडीवर बसतं ते, फक्त पदर आधी खोचून घ्यायला सांगा.