कंपनी येऊ द्या, करार मात्र वाचा

मालकी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा अभियंता तुमच्या मुक्त-स्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पात पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, घेऊन आला, तर केवळ त्याच्या कंपनीचे नाव पाहून त्याला परत पाठवू नका. जुलै 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही या आपल्या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या ड्रायव्हरचा सुमारे 20,000 ओळींचा कोड जीपीएल आवृत्ती 2 या मुक्त परवान्याखाली लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिला. याच कंपनीच्या प्रमुखांनी 2001 मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटले होते. तरीही कोड स्वीकारला गेला, मात्र तो आधी स्टेजिंग विभागात, म्हणजे अजून पुरेशा दर्जाचा नसलेला कोड ठेवण्याच्या जागी, राहिला आणि बरीच साफसफाई झाल्यावरच तिथून बाहेर पडला. मला हीच रीत योग्य वाटते.

खरी काळजी घ्यायची ती योगदान कराराची, म्हणजे कोड देताना तुम्ही प्रकल्पाला कोणते हक्क देता हे ठरवणाऱ्या कराराची. कर्नलमध्ये प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ (हा कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे, अशी पाठवणाऱ्याची ग्वाही) असते आणि कॉपीराइट मूळ हक्कधारकाकडेच राहतो, त्यामुळे कोणत्याही एका कंपनीला परवाना परस्पर बदलता येत नाही. याउलट, हा अधिकार एकाच हाती एकवटला की काय होते, हे टेराफॉर्म या सर्व्हर व क्लाउड यंत्रणा उभारण्याच्या साधनाच्या बाबतीत दिसले: ऑगस्ट 2023 मध्ये ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने पुढील आवृत्त्यांसाठी एमपीएल हा मुक्त परवाना सोडून व्यावसायिक वापरावर बंधने घालणारे बिझनेस सोर्स लायसन्स लागू केले, आणि समुदायाला जुन्या कोडवरून ओपनटोफू हा स्वतंत्र प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभा करावा लागला.

म्हणून पहिला पॅच पाठवण्यापूर्वी परवान्याची फाइल आणि करार शेवटपर्यंत वाचा, आणि तुमचा कोड दुसऱ्या परवान्याखाली देण्याचा हक्क कोणाला मिळतो हे स्पष्ट नसेल, तर मेंटेनरांना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) निःसंकोच विचारा.