माळ्यावरच्या दोन पेट्या : पीसी कुठला, एक्सटी कुठला?

प्रश्न : माझे काका अमेरिकेत नोकरीला होते. १९८७ साली परतताना त्यांनी आयबीएमचे दोन कॉम्प्युटर आणले. रामबागेतलं घर आता रिकामं करतो आहोत. माळ्यावरच्या दोन्ही पेट्या दिसायला सारख्याच, दोन्हींना दोन-दोन फ्लॉपी ड्राइव्ह, पुढची नावाची पट्टी दोन्हींवरून निघालेली. काका म्हणायचे, एक साधा पीसी आहे आणि दुसरा एक्सटी. फ्लॅटमध्ये जागा एकाचीच. ओळखायचं कसं? रविवारी अटालेवाला येणार आहे.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, अटालेवाल्याला आधी पुढच्या रविवारचं सांगा.

हार्ड डिस्क असली की एक्सटी, नसली की पीसी, असं बरेच जण सांगतील. त्यावर जाऊ नका. १९८३ चा एक्सटी १० एमबी हार्ड डिस्क घेऊन आला खरा, पण १९८५ पासून तो नुसत्या फ्लॉपींवरही विकला जायचा. आणि पीसीत मागाहून हार्ड डिस्क बसवणारेही कमी नव्हते. नावाच्या पट्टीचंही तेच. जेल रोडच्या माझ्या दुकानात एकदा पीसीची पट्टी लावलेला एक्सटी आला होता. दुरुस्तीत कुणीतरी झाकणांची अदलाबदल केली होती.

पेटी फिरवा आणि मागच्या बाजूला कार्डांच्या उभ्या पट्ट्या मोजा, रिकाम्यासुद्धा. पाच भरल्या तर १९८१ चा पीसी, आठ भरल्या तर एक्सटी. पीसीच्या पट्ट्या ऐसपैस अंतरावर असतात, एक्सटीच्या दाटीवाटीने. कीबोर्डच्या गोल सॉकेटशेजारी तसंच दुसरं सॉकेट दिसलं तर शंकाच नको, तो पीसी. ते कॅसेट रेकॉर्डरसाठी. तेव्हा साध्या टेपवर प्रोग्रॅम साठवता यायचे. एक्सटीतून ती सोय काढून टाकली.

पीसी सापडला की मागचे स्क्रू काढून झाकण पुढे सरकवा. मदरबोर्डावर ‘१६केबी-६४केबी’ छापलंय की ‘६४केबी-२५६केबी’, ते बघा. पहिलं असेल तर बोर्ड सुरुवातीच्या काळातला. मेमरीच्या चिपा नऊ-नऊच्या चार ओळींत दिसतील : आठ माहितीच्या, नववी चूक पकडणारी पॅरिटीची. पहिली ओळ बोर्डाला झाळलेली, बाकीच्या तीन सॉकेटात. तसा बोर्ड निघाला तर एक्सटी कुणा जाणत्याला द्या, पण हा घरात ठेवा. असे बोर्ड आता फार थोडे उरलेत. फ्लॉप्यांचा डबा मिळाला तर तोही जपा, काकांचं काम त्यातच असेल.

आणि प्लग लावायच्या आधी मागच्या लेबलावरचे व्होल्ट वाचा. मशीन अमेरिकेतलं आहे, १२० लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टांत थेट खोचू नका, मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. १९९१ साली मी हे बघायला विसरलो आणि एका गिऱ्हाइकाचा पॉवर सप्लाय माझ्या हातून जळाला. त्याची हळहळ अजून आहे.